मोटारसायकलीस डँपर बसविणेबाबत

विषय : मोटारसायकलीस स्टीअरिंग डँपर बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

संदर्भ : १) आमच्या सौभाग्यवतींचे तोंडी विधान, ठिकाण पुलाचा उतार. २) त्याच विधानाची पुनरुक्ती, ठिकाण आमचे स्वयंपाकघर, वार रोजचाच.

उपरोक्त विषयास अनुसरून सविनय सादर करण्यात येते की... छे! नाही जमत. राग आला की माझी कार्यालयीन भाषा गळून पडते. तुम्हीच सांगा हो, माझे हात कशाला हलतील? ज्या हातांनी उभा जन्म पाटबंधारे खात्याच्या टिपण्या लिहिल्या, ज्या हातांची वेलांटी बघून साहेब विचारायचे, 'मल्हारराव, हे लिहिलंय का छापलंय?', ते हात रिटायर झाल्या झाल्या हलायला लागतील? हँडल हलतं! लोखंडाचं हँडल! आणि सारा वडगाव रासाई मला रस्त्यात अडवून विचारतोय, 'आप्पा, हँडल हलतंय का हात हलत्यात?'

तुम्हाला सांगतो, अगदी पहिल्या पानापासून सांगतो, म्हणजे तुमचीही फाईल पूर्ण राहील.

माझं नाव मल्हारी. बायकोचं नाव बानू. आता ही दोन नावं एका रेशनकार्डावर आल्यावर लोक सोडतात काय? लग्नात अंतरपाट खाली गेला तेव्हा भटजींच्या आधी मागच्या रांगेतनंच कुणीतरी 'येळकोट' ओरडलं होतं. असो. तर या बानूबाईंनी आख्ख्या संसारात माझ्याकडे एकच गोष्ट मागितली. डोरलं नाही, पैठणी नाही, काही नाही. 'एकदा आपल्या गाडीवर, दोघंच, जिजुरीला जाऊ. देवानं न्हाई का बानूला घोड्यावर बसवून आणली?' आता देवाचं काय हो, देवाला रजेचा अर्ज द्यावा लागत नव्हता, देवाची शिरूरहून दौंडला आणि दौंडहून परत शिरूरला बदली होत नव्हती. मी आपला दरवर्षी सांगायचो, रिटायर झालो की जाऊ. आणि झालो की रिटायर! फंड आला, गाडी घेतली. कुठल्या कंपनीची ते सांगत नाही, उगाच कंपनीला वाटायचं मी तक्रार करतोय. तक्रार माझी कंपनीबद्दल नाहीच. ती पुढं येईल.

निघालो. बानूबाई नवं लुगडं नेसलेल्या, मांडीवर नैवेद्याचा डबा, पाय एका बाजूला सोडून अशा बसल्या होत्या की मागनं बघणाऱ्याला वाटावं पालखीच चाललीय. भीमेचा पूल आला. पुलाआधी उतार आहे. त्या उतारावर मी जरासा... जरासाच हं... कान पिळला. गाडीचा. आणि हँडल जे सुटलं म्हणता! डावी-उजवी, डावी-उजवी, एखाद्या बाईनं सुपात बाजरी पाखडावी तसं! मी दातावर दात धरून बसलोय, आणि मागनं आवाज...

'आवो, हँडल हलतंय का हात हलत्यात?'

'हँडल!'

'मग हात कशापायी हलत्यात?'

'हँडल हलतंय म्हणून हात हलतात!'

'का हात हलत्यात म्हणून हँडल हलतंय?'

आता मला सांगा, उतारावर, हलत्या हँडलवर, समोरनं उसाचा ट्रॅक्टर येत असताना, कार्यकारणभावाची चर्चा करायची असते का? गाडी थांबवली. बानूबाई उतरल्या, डबा काखेत मारला, चौफुल्याकडून येणाऱ्या वडापच्या जीपला हात केला, आणि गेल्या की घरी! आणि मी त्या जीपच्या मागं मागं. जीपच्या मागच्या बाकावरची सगळी माणसं माझ्याकडे बघतायत, माझ्याकडे आणि माझ्या मागच्या रिकाम्या सीटकडे, आणि मध्ये बसलेल्या बानूबाई एकेकाला डबा उघडून नैवेद्याची पोळी वाटतायत! देवाची पोळी! जीपवाल्यानं तर चालता चालता मान बाहेर काढून विचारलं, 'आप्पा, हँडल हलतंय का...' म्हटलं पुढं बघ, पुढं!

घरी आल्यावर हुकूम निघाला. 'हँडल हलायचं थांबलं की बसंन. तवर न्हाई. आन् हँडल नीट करूनबी हललं, तर मग दौंडच्या डाक्टरला हात दाखवायचं. बोला.'

बघा, आलं का लक्षात? वरवर हँडलचा विषय. आतनं माझा विषय. हँडल स्थिर झालं तर मी स्थिर. नाहीतर दौंडचा डॉक्टर, मग बोर्डाच्या खाली बाकावर बसायचं, मग तो म्हणणार हात पुढं करा, बोटं पसरा... आणि मग गाडीला कव्हर घालून ठेवायचं आणि जेजुरीला जायचं ते जीपमध्ये, वीस माणसांत, कुणाच्या तरी मांडीवर. म्हणून म्हटलं, मूळ विषय सोडायचा नाही. विषय हँडलचा!

आमचे जावई सुदर्शनराव सणसवाडीला कारखान्यात आहेत. लेक प्रतिभा आणि ते रविवारी आले. त्यांच्यापुढं मी विषय मांडला. कारखान्यातली माणसं बोलतात ना, त्यातले हे. अर्धं वाक्य मराठी, अर्धं इंग्रजी, आणि खात्री झाली नाही की हिंदी.

'मामा, सिंपल हाय. व्हॉबल म्हणत्यात त्याला. फॉरेनला रेसच्या गाड्यांना स्टीअरिंग डँपर असतो. इकडनं चॅसीला, तिकडनं हँडलला. छोटा शॉकप समजा, आडवा. हँडल हळू वळवलं तर वळू देतो, झटका बसला की धरून ठेवतो. बिल्कुल टेन्शन नै.'

तुम्हाला सांगतो, मला ते यंत्र फार आवडलं. रीतसर विनंती केली तर मान्य, धसमुसळेपणा केला तर नामंजूर... अहो, हे यंत्र नाहीच, हा उत्तम हेडक्लार्क आहे! मी म्हटलं, जावईबापू, ठरलं. डँपर बसवायचा.

आता हे मी आमच्या ओसरीवर बोललो. खणखणीत बोललो. ओसरीच्या पलीकडे कुशाबाईंचं अंगण. आणि त्या साली आमच्या नदीकाठाला एकच डंपर माहीत होता. कोणता? वाळूचा! दिवसरात्र भीमेतनं वाळू भरून धूळ उडवत जाणारा, पिवळा, दहा चाकी! तुम्ही फरक ऐकलात का? डँपर. डंपर. डोक्यावर नुसती चंद्रकोर कमी! पण कुशाबाई कानानं ऐकतात, चंद्रकोर कानाला दिसत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मांडवगणला बन्सीच्या गॅरेजला निघालो, तर कुशाबाई दारात आडव्या. 'आप्पा, लई बरं झालं बगा. एक खेप आमच्याबी म्होरं टाका की. न्हाणीचं बांधकाम अडलंय.'

'कसली खेप?'

'आता कसली म्हंजी? वाळूची! कवा बसविताय डंपर?'

मी समजावलं. अगदी हातवारे करून, इकडनं चॅसीला, तिकडनं हँडलला. कुशाबाईंनी माझ्या हातांकडे बघितलं आणि हळहळून म्हणाल्या, 'ऱ्हाऊ द्या आप्पा, हात लई हलत्यात तुमचं.'

बन्सीकडे आलो. बन्सी म्हणजे मांडवगणातला नामांकित मिस्त्री. नामांकित का, तर गाडी दिली की तो आधी नावं ठेवतो. 'आप्पा, कसली गाडी घेतली! मला इचारायचं तरी.' मी म्हटलं, बन्सी, डँपर बसवायचाय. बन्सीनं पान्याचं टोक पाठीत घालून खाजवलं. माझ्याकडे बघितलं, गाडीकडे बघितलं. 'कुठं बसवू? कॅरियरवर?'

पुन्हा सगळं! चॅसी, हँडल, हेडक्लार्क! बन्सी ऐकून घेतो आणि म्हणतो, 'त्ये समदं ठीक हाय. पर आधी मला एक सांगा आप्पा. हँडल हलतंय का...'

'हँडल!'

'बरं बरं. पुण्याला मिळतोय का बघतो. न मिळाला तर आपुन बनवू. बन्सी हाय तवर काळजी न्हाई.' हे वाक्य ज्यांनी ज्यांनी म्हणून ऐकलंय, त्यांच्या गाड्या मी नंतर बैलजोडीनं ओढून नेताना बघितल्यात.

आता इथं माझ्यातला कारकून उभा राहिला. गाडीच्या मूळ रचनेत बदल! परवानगी नको? जावई म्हणाले, 'मामा, कोण विचारतंय?' बन्सी म्हणाला, 'आप्पा, लोकांनी सायलेन्सर काढून पुंग्या लावल्यात, त्यांनी इचारलं व्हय?' बानूबाई म्हणाल्या, 'घरात चूल बदलली तवा न्हाई कुणाला इचारलं!' पण नाही. जो माणूस जन्मभर दुसऱ्याला 'रीतसर अर्ज करा' म्हणाला, त्यानं स्वतःच्या वेळेला तोंड चुकवायचं? शिरूरच्या कचेरीत अर्ज द्यायला गेलो. बाजारात झाडाखाली एक टायपिस्ट बसतो, त्याच्याकडे मजकूर दिला. असा मजकूर, अहो, वाचताना डोळे निवावेत. टायपिस्टनं तो खटाखट उतरवला आणि कागद माझ्या हातात दिला. विषय : मोटारसायकलीस डंपर बसविण्यास परवानगी मिळणेबाबत.

म्हटलं, 'अरे, चंद्र कुठाय?'

'चंद्राचा खिळा तुटलाय आप्पा. मागल्या दिवाळीपासनं. टिंब हाय की.'

'टिंबानं अर्थ बदलतो!'

'आप्पा, माझ्याकडं बँकेच्या कर्जाचे अर्ज येत्यात. समद्यांचं मी बंक म्हणून टाईप करतो. कर्ज मिळतंय न्हवं त्यांना?'

आणि तुम्हाला सांगतो, इथं माझी मती फिरली. ज्या माणसानं 'पाणी'चा ण चुकला म्हणून कालव्याचं आवर्तन एक दिवस अडवून धरलं होतं... साहेब ओरडत होते, शेतकरी ओरडत होते, मी म्हटलं पाण्याला ण घातल्याशिवाय पाणी सुटणार नाही... त्या माणसानं म्हटलं, जाऊ दे, पेनानं चंद्र काढू. खिशाला हात लावला. पेन घरी! शेजारच्याकडे मागितलं तर त्याचं लाल. आता अर्जावर लाल शाई अर्जदारानं वापरायची नसते, ती वापरायचा अधिकार समोरच्याचा. आणि एसटी लागलेली. दिला अर्ज. टिंबासकट! आवक क्रमांक घेतला आणि आलो.

उत्तर आलं. मला वाटलं होतं येणारच नाही. आलं, आणि मजकूर काय? 'आपण आपले मोटारसायकलीस डंपर बसविण्याचे योजिले असल्याचे दिसून येते. सबब सदर डंपरद्वारे वाळू कोणत्या नदीपात्रातून उचलण्यात येणार आहे याचा खुलासा करावा. आपला अर्ज संबंधित शाखेकडे वर्ग करण्यात येत आहे.'

चिडलो मी? हो, चिडलो. पण तुम्हाला खरं सांगू? चूक कुणाची नव्हती हो! कागदावर डंपर, तर डंपर! मी त्या खुर्चीत असतो तर मीही हेच लिहिलं असतं, फक्त 'योजिले'च्या जागी 'प्रस्ताविले' लिहिलं असतं. मी खुलासा पाठवला. सदर डंपर हा डंपर नसून डंपर आहे. का? अहो, टायपिस्ट तोच ना! दुसरा शिरूरच्या त्या झाडाखाली बसत नाही!

इकडं गावात काय? गावात मी वाळूवाला. पारावर बसलो की दोन माणसं सरकून जागा देतात. सोपानराव, ज्यांचे खरेखुरे डंपर नदीत चालतात, ते रामराम घ्यायचे थांबले. बानूबाईंच्या कानावर आलं की फंडाचा पैसा डंपरात गेला, तर त्या भाकरी थापता थापता म्हणाल्या, 'दोन चाकाची धरवंना, आन् दहा चाकाची घ्यायला निघालं!'

अशात बन्सीचा निरोप. 'आप्पा, डंपर झाला. या.'

गेलो. बन्सीनं काय केलं असेल? भंगारातल्या एका व्हॅनच्या मागच्या दाराला जो दांडा असतो ना, दार उचललं की वर धरून ठेवणारा, आत गॅस भरलेला, तो काढला आणि माझ्या गाडीला आडवा जोडला. दिसायला अगदी जावयांनी सांगितला तसा. मला भरून आलं. मी म्हटलं, 'बन्सी, धरून ठेवील ना?'

'धरून? आप्पा, आख्खं दार उचलून धरतोय त्यो!'

तिथंच माझ्या लक्षात यायला हवं होतं. दार उचलून धरतो, म्हणजे ढकलतो. धरणारा वेगळा आणि ढकलणारा वेगळा, हा फरक जो जन्मभर सरकारी नोकरीत राहिला त्याला कळू नये? गाडी चालू केली, गॅरेजातनं बाहेर काढली, आणि हँडल आपणहून डावीकडे! मी उजवीकडे ओढतोय, दांडा डावीकडे ढकलतोय. हलत नव्हतं, हे मान्य करायला पाहिजे. अजिबात हलत नव्हतं! एकदा डावीकडे गेलं की तिथंच, ठाम, धोरणात्मक निर्णय झाल्यासारखं! बन्सी मागनं ओरडतोय, 'बगा आप्पा, हललं का?' हलायला ते सरळ तर व्हायला पाहिजे!

मांडवगणहून वडगावला यायचं तर रस्ता धरून सरळ. डावीकडे काय? नदी! ओढ ओढ ओढलं उजवीकडे, जवा जरा हात सैल पडला... जवा म्हणालो का मी? बघा, आठवण झाली तरी भाषा सुटते... जेव्हा जेव्हा हात सैल पडला, तेव्हा तेव्हा डावीकडे. डावीकडे एक कांद्याची चाळ, एका मालनबाईंचं वाळवण. 'डोळं फुटलं का रं मुडद्या... अगं बया, आप्पा तुमी!' कुरडयांमधनं गाडी काढली आणि पुढचा जो डावीकडचा फाटा आला तो थेट नदीत उतरणारा. वाळूचा रस्ता! अलीकडं धूळ, पलीकडं धूळ, मध्ये मी, आणि समोर... डंपर. खराखुरा. बिनचंद्राचा!

गाडी वाळूत रुतली म्हणून वाचलो. बाजूला आडवा झालो, लागलं काही नाही, वाळूच ती. डंपरचा ड्रायव्हर वरनं उतरला. बिहारचा कुठला तरी, मानेला गमछा, तोंडात तंबाखू. त्यानं मला उठवलं, कपडे झटकले, माझ्याकडे बघितलं आणि... मला कळलंच होतं, हे वाक्य आता देशभर पसरलंय... 'चाचा, हैंडल हिल रहा है कि हाथ?'

मी म्हटलं, 'दोन्ही नहीं हिल रहा है! अडक गया है!'

भला माणूस हो. वाळू भरणारी चार माणसं बोलावली, माझी मोटारसायकल उचलून डंपरच्या मागं हौद्यात आडवी ठेवली, मला केबिनमध्ये शेजारी बसवलं, म्हणाला, 'चलिए, घर छोड़ देते हैं।' आणि तुम्हाला सांगतो, काय गाडी ती! एवढ्या खड्ड्यांतनं चाललेली, स्टीअरिंग माझ्या ताटाएवढं, आणि तो बहाद्दर एका हातानं तंबाखू मळतोय!

डंपर वडगावात शिरला. पारावरची माणसं उभी राहिली. पोरं मागं धावायला लागली. 'आप्पाचा डंपर आला! आप्पाचा डंपर!' कुशाबाई तर घमेलं घेऊनच बाहेर आल्या. आणि डंपर आमच्या दारात थांबतो तो दारात कोण? कचेरीतले भाऊसाहेब! हातात माझा अर्ज, माझा खुलासा आणि पॅड. स्थळपाहणीसाठी! वर्षवर्ष जी पाहणी होत नाही, ती त्या दिवशी, त्या घटकेला! शेजारी खुर्चीवर सोपानराव, पंच म्हणून. आणि उंबऱ्यात बानूबाई.

भाऊसाहेब तरुण होते. नम्र होते. माझ्याच जातीचे, म्हणजे कारकुनाच्या. त्यांनी अर्ज बघितला. डंपर बघितला. हौद्यातली मोटारसायकल बघितली. पुन्हा अर्ज बघितला. मग पॅड गुडघ्यावर घेऊन त्यांनी जे लिहिलं ते मी मागनं उभं राहून वाचलं, आणि शपथेवर सांगतो, एक अनुस्वार चुकीचा नव्हता. 'समक्ष पाहणी केली असता अर्जदाराचे मोटारसायकलीस डंपर बसविलेला आढळून आला नाही. तथापि डंपरमध्ये मोटारसायकल बसविलेली आढळून आली.'

यावर काय आक्षेप घेणार? घ्या तुम्ही!

सोपानरावांनी पंच म्हणून सही केली आणि म्हणाले, 'आप्पा, डंपर माझा हाय. एवढं बी लिव्हा म्हणावं खाली.' तेही लिहिलं. ड्रायव्हरनं गाडी उतरवून दिली. भाऊसाहेब म्हणाले, 'आप्पा, मला समजलं तुम्हाला काय म्हणायचंय. पण कागद असा गेलाय. आता दुरुस्तीचा अर्ज करा.' मी म्हटलं, करतो. माझ्या तोंडातनं दुसरा शब्द तरी काय निघणार होता?

सगळे गेले. ओसरीवर आम्ही दोघं. बानूबाईंनी चहा आणला. मी कप उचलला, आणि... टिक् टिक् टिक् टिक्. कप बशीवर वाजतोय. दिवसभर त्या दांड्याशी कुस्ती खेळलोय, वाजेलच की! दम लागलेला, वाजेलच! असं मी म्हणणार होतो. तोंड उघडलं होतं. पण बानूबाई माझ्याकडे बघत नव्हत्या, कपाकडे बघत होत्या. टिक् टिक् टिक्. इथं हँडल कुठाय? इथं तर हँडल नाही! कपाचा कान तेवढा.

मग बानूबाई म्हणाल्या, अगदी साध्या आवाजात, 'आता कपालाबी डंपर बसवा.'

आणि मला हसू फुटलं हो! चहा सांडला धोतरावर, तरी हसतोय. त्याही पदर तोंडाला लावून. कुशाबाई घमेलं घेऊन परत आल्या तर आम्ही हसतोय, त्यांना वाटलं वाळूत फायदा झाला.

हसणं थांबल्यावर त्या म्हणाल्या, 'कवापासनं हलत्यात?'

म्हटलं, 'शेवटच्या बदलीच्या आधीपासनं. सहीपुरता सरळ धरायचो.'

'मला का न्हाई सांगितलं?'

'सांगितलं असतं तर बसली असतीस का मागं?'

त्या उठल्या. कप उचलून आत गेल्या.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी बन्सीचा दांडा पान्यानं काढत बसलो होतो, तर बानूबाई त्याच लुगड्यात, डबा घेऊन दारात. 'काढला का त्यो सोटा? चला मग. जिजुरी.'

'अगं, हँडल...'

'हलू द्या. मी हाय की मागं.'

बसल्या. पण या खेपेला एका बाजूला पाय सोडून नाही. लुगड्याचा काष्टा मारून, दोन्हीकडे पाय टाकून, बाप्याच्या बसण्यानं! डबा दोघांच्या मध्ये, आणि दोन्ही हात माझ्या दोन्ही खांद्यांवर. हात म्हणजे तुम्हाला काय सांगू, जन्मभर ज्यांनी जात्याचा खुंटा धरला ते हात. असे दाबले की माझे खांदे आपोआप कोपरात आणि कोपरं आपोआप मुठीत. गाडी निघाली. पुलाचा उतार आला. मी काटा जरा वर जाऊ दिला, तो खांद्यावरचा दाब वाढला. आणखी गेला, आणखी दाब. पुढं गेला असता तर गुद्दा होता, तशी पूर्वसूचना तोंडी देण्यात आली होती. हळू गेलो तर हात हलका, घाई केली की जड. अहो, जावयांनी सांगितलेलं यंत्र हेच की! रीतसर विनंती मान्य, धसमुसळेपणा नामंजूर!

चौफुल्यापर्यंत आम्हाला दोन सायकली, एक उसाची बैलगाडी आणि एक पायी चाललेला मेंढ्यांचा कळप मागं टाकून गेला. त्या कळपाचा धनी ओळखीचा निघाला, बिरदेव म्हणून. मेंढ्यांमधनं ओरडला, 'आप्पा, हँडल हलतंय का हात हलत्यात?'

मी काही बोलायच्या आत मागनं उत्तर गेलं, 'काय बी हलंना, तुला काय करायचंय? मेंढरं बघ तुझी!'

जेजुरी झाली. उशिरा झाली, पण झाली. भंडारा उधळताना माझा हात जरा हलला, त्यामुळं तो सगळीकडे सारखा पडला, असं बानूबाईंचं मत पडलं. दौंडच्या डॉक्टरकडंही जाऊन आलो, त्याच गाडीवर, त्याच मागच्या दाबाखाली. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाला, 'गाडी हळू चालवा.' म्हटलं, त्याची व्यवस्था झालेली आहे.

तर, वस्तुस्थिती सादर. दुरुस्तीचा अर्ज दिला आहे. टायपिस्टच्या मशीनचा चंद्र अद्याप बसलेला नाही, म्हणून या वेळेस विषय हातानं लिहिला. हात हलल्यामुळं टिंबाच्या डोक्यावर दोन चंद्र पडले. त्याबाबत खुलासा मागविण्यात आला आहे. दरम्यान, डँपरच्या पदाचा अतिरिक्त कार्यभार आमच्या सौभाग्यवतींकडे तात्पुरत्या स्वरूपात सोपविण्यात आलेला आहे.

अर्ज प्रलंबित आहे.